रस्त्याची वाटणी

(स्मृतिव्याख्यानमालेत पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते सर स्थापत्य अभियांत्रिकी शिकवत. रस्ते हा विषय सुरू झाला की ते मुलांना एखाद्या चौकात तासभर उभं करायचे आणि मोजदाद करून आणायला सांगायचे. मुलं कागदावर रेघा मारमारून गाड्या मोजून आणायची. सर कागद परत द्यायचे आणि विचारायचे, "यात माणसं किती?" बसमधली, सायकलवरची, पायी चाललेली माणसं मोजायला मग मुलं पुन्हा चौकात जायची. २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण जाहीर केलं, त्यात हेच सूत्र आहे: रस्त्याची जागा वाहनांचा नव्हे, माणसांचा हिशेब धरून वाटायची. धोरण आलं त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बससेवा, सुरू झाली. देशातला तो पहिला प्रयोग. म्हणजे तत्त्व आणि प्रयोग जवळजवळ बरोबरच आले. प्रयोगाचं पुढे काय झालं, हे इथे बसलेल्या बहुतेकांनी रोज जाता-येता पाहिलं आहे.

आज मी त्यातला एकच रस्ता घेणार आहे, सातारा रस्ता. स्वारगेटच्या जेधे चौकापासून कात्रजपर्यंतचा. अंतर जेमतेम सहा किलोमीटर. आणि सांगायची गोष्टही एकच आहे. बसची मार्गिका आणि सायकल ट्रॅक यांचं भवितव्य त्यांच्या लांबीवर ठरत नाही. ते थांब्यावर ठरतं, चौकात ठरतं आणि रोजच्या देखभालीत ठरतं. आपण मात्र वीस वर्षं किलोमीटरच मोजत आलो. इतके किलोमीटर बीआरटी, इतके किलोमीटर सायकल ट्रॅक. वर्तमानपत्रात आकडा छापून येतो, अहवालात तक्ता लागतो आणि सायकलवाला पहिल्याच बस थांब्यापाशी रस्त्यावर उतरतो.

आधी थोडा हिशेब करू. शहरातल्या रस्त्याची एक मार्गिका, साडेतीन मीटर रुंदीची. सिग्नल सलग हिरवा राहिला, तर तिच्यातून तासाला साधारण अठराशे मोटारी जातात. पण सिग्नल निम्मा वेळ लाल असतो, म्हणून नऊशे धरू. दर मोटारीत सरासरी दीड माणूस म्हटलं तर तासाला तेराशे-साडेतेराशे माणसं झाली. पुण्यात मोटारींपेक्षा दुचाकी जास्त आणि त्यांना जागा कमी लागते, हे खरं. म्हणून आकडा सढळ हाताने दुप्पट करू, सत्तावीसशे. आता तीच मार्गिका बसला द्या. दर मिनिटाला एक बस, बसमध्ये साठ माणसं. तासाला छत्तीसशे झाली. मिनिटाला दोन बस सोडल्या तर बाहत्तरशे. शिवाय या बसमधल्या माणसांच्या गाड्या लावायला स्वारगेटला किंवा मंडईत जागा शोधावी लागत नाही.

यात गंमत अशी की जास्त माणसं नेणारी ही मार्गिका बघणाऱ्याला रिकामी दिसते. बारा मीटर लांबीची बस ताशी पंचवीस किलोमीटरने जात असेल, तर एखाद्या ठिकाणावरून पुढे सरकायला तिला दोन सेकंदही लागत नाहीत. मिनिटाला एक बस धरली तर साठातले अठ्ठावन्न सेकंद ती जागा मोकळीच दिसणार. शेजारी सिग्नलला अडकलेला दुचाकीस्वार ते अठ्ठावन्न सेकंद बघतो आणि म्हणतो, "एवढा रस्ता फुकट घालवलाय!" बसच्या मार्गिकेवरची सगळ्यात मोठी तक्रार या मोकळ्या दिसण्यातून आली आहे. तो माणूस खोटं बोलत नाही. त्याला दिसतं तेच तो सांगतो. पण नगरसेवकाने, आयुक्तांनी आणि बातमीदारांनी तरी त्या दोन सेकंदांत किती माणसं गेली हे मोजायला हवं.

याच हिशेबाची दुसरी बाजू फारशी कुणी मांडत नाही. समजा, एखाद्या मार्गावर बसच्या एका फेरीला, जाऊन-येऊन, दोन तास लागतात. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर बारा बस लागतील. रस्ता मोकळा मिळाला आणि फेरी दीड तासात झाली, तर तेवढीच सेवा नऊ बसमध्ये होते. तीन बस, त्यांचे चालक, वाहक आणि इंधन दुसऱ्या मार्गासाठी सुटले. किंवा त्याच बारा बस ठेवल्या तर दर साडेसात मिनिटांनी बस मिळते. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून २००७ मध्ये पीएमपी झाली, तेव्हापासून ओरड एकच आहे, बस कमी पडतात. ती रास्तच आहे. पण गर्दीत अडकलेली बस ही निम्मी बस असते, हेही त्याच दमात सांगायला हवं. मार्गिका नीट चालवणं म्हणजे खरेदी न करता बस वाढवणं.

सायकलचा हिशेब आणखी साधा आहे. दोन मीटर रुंदीत दोन सायकली शेजारून जाऊ शकतात. कात्रज ते स्वारगेट हे अंतर रमतगमत पॅडल मारलं तरी अर्ध्या तासाच्या आत कापता येतं. येताना चढ लागतो, हे मला माहीत आहे. घाटाच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता आहे, संध्याकाळी दमलेल्या पायांना तो जाणवणारच. पण या रस्त्यावरून रोज सायकलने जाणारी माणसं आजही आहेत. पहाटे दूध आणि पेपर टाकणारी मुलं, सकाळी मार्केट यार्डाकडे निघालेले हमाल, बांधकामावरचे मजूर, रात्रपाळीचे वॉचमन. त्यांच्यातला कुणी सभेला येत नाही, निवेदन देत नाही. म्हणून पुण्यात आता सायकल कोण चालवतं, असं आपण सहज म्हणून जातो.

हेच शहर एके काळी सायकलींचं शहर म्हणून देशभर ओळखलं जाई. नगरपालिकेचा बिल्ला, डायनामोचा दिवा, डबलसीट पकडणारा पोलीस आणि तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं, हे सगळं इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात आज तरुण मुलं त्या काळाचे फोटो काढायला जातात. मग १९७२ मध्ये लुना आली, आकुर्डीतून स्कूटर बाहेर पडू लागल्या आणि पुढच्या तीसेक वर्षांत सायकलवरचा मध्यमवर्ग दुचाकीवर गेला. हे आळसाने झालं नाही. शहर पसरलं, अंतरं वाढली, बस वेळेवर येईना आणि वाढत्या गाड्यांमध्ये सायकलवर बसायची भीती वाटू लागली. सायकल सोडून दुचाकी घेणाऱ्या प्रत्येकाने उरलेल्या सायकलवाल्यांची भीती आणखी वाढवली. या फेऱ्यातून बाहेर पडायचं, तर उपदेश कामाचा नाही. सुरक्षित जागा करून द्यावी लागते.

भीतीला आधारही आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरचे आणि पायी चालणारे मिळून जवळजवळ दोन तृतीयांश. म्हणजे ज्यांच्याभोवती पत्रा नाही, तेच जास्त मरतात.

आता आपला सातारा रस्ता. २००६ मध्ये इथे बसला रस्त्याच्या मधल्या मार्गिका दिल्या, कडेने सायकल ट्रॅक आणि पदपथ आखले. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाचे पैसे होते, म्हणजे निधीची अडचण नव्हती. कल्पनाही चुकीची नव्हती. बस मधून नेली की कडेला थांबलेल्या रिक्षा, उभ्या गाड्या आणि डावीकडे वळणारी वाहनं तिच्या आड येत नाहीत. पण मधल्या थांब्यावर पोहोचायचं तर प्रवाशाला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो. जिथे ओलांडायचं तिथे सिग्नल नाही, असला तर पाळला जात नाही, आणि भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल असेल तर गुडघे दुखणाऱ्या आजीला तो जमत नाही. बसचा प्रवासी आधी पायी चालणारा असतो आणि मग प्रवासी होतो. त्याच्या चालण्याचा विचार मागून केला, तर मार्गिका कितीही चकचकीत असो, माणूस तिथपर्यंत पोहोचतच नाही.

इथे थांब्याजवळ जाऊन जरा नीट बघू. बस थांब्यावर वेळ घालवते ती दाराच्या पायऱ्यांमुळे, तिकिटामुळे आणि फलाटापासूनच्या अंतरामुळे. पायऱ्या चढून आत जायला, हातात पिशवी असेल तर, माणशी तीन सेकंद धरा. वीस माणसं चढायची तर एक मिनिट. फलाट आणि बसचा तळ एका पातळीत असेल, दार रुंद असेल आणि तिकीट आधीच काढलेलं असेल, तर माणशी एक सेकंद पुरतो. वीस सेकंदांत बस निघते. एका थांब्यावर चाळीस सेकंद वाचले. दहा थांब्यांवर जवळपास सात मिनिटं. सात मिनिटं वाचवायला आपण उड्डाणपूल बांधतो! पण ती बचत हाती यायची तर चालकाने बस फलाटाला अगदी चिकटून उभी करायला हवी. वीतभर फट राहिली तर माणूस ती खाली बघून, सावरून ओलांडतो. हातभर राहिली तर आधी खाली उतरून मग बसमध्ये चढतो, आणि फलाट बांधून काहीच मिळवलं नाही असं होतं. चालकाला तसं शिकवणं, त्यासाठी फलाटाच्या कडेला चाक घासलं तरी चालेल असा काठ ठेवणं, त्या जागेत खड्डा पडू न देणं ही किरकोळ वाटणारी कामं आहेत. मार्गिकेचा वेग त्यांच्यावर अवलंबून आहे.

आता सायकल ट्रॅक. या रस्त्यावर ट्रॅक पेव्हर ब्लॉकचा केला होता. ब्लॉक पावसाळ्यात खचतात, सांध्यांतून गवत येतं आणि सायकलचं हँडल थरथरतं. पण त्याहून मोठी अडचण दर पन्नास पावलांवर येते. प्रत्येक सोसायटीच्या, दुकानाच्या, पेट्रोल पंपाच्या फाटकापाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पलीकडे परत चढतो. डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्याला ही कसरत नाही, मग सायकलवाला तरी ट्रॅकवर कशाला जाईल? वाटेत महावितरणचा डीपी, म्हणजे विजेची पेटी, मग झाड, मग जाहिरातीचा खांब, मग चहाची टपरी. कडेचा बस थांबा आला की ट्रॅक सरळ थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांत घुसतो. आणि चौकाच्या तीस-चाळीस मीटर आधी, जिथे सायकलवाल्याला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तिथे तो संपतो.

या प्रत्येक दुखण्यावर साधे उपाय आहेत आणि ते जगभर वापरले गेले आहेत. फाटकापाशी ट्रॅक खाली उतरवायचा नाही. मोटारीने वर चढून, वेग कमी करून तो ओलांडायचा. म्हणजे चढउतार मोटारीला, सायकलला सरळ वाट. कडेचा बस थांबा असेल तिथे ट्रॅक थांब्याच्या मागून न्यायचा. थांबा म्हणजे रस्ता आणि ट्रॅक यांच्यामध्ये एक छोटं बेट होतं. त्याच्या मागे सायकल हळू जाते आणि माणसं पट्ट्यांवरून ट्रॅक ओलांडतात. बस थांबली की सायकलवाल्याला तिच्या उजवीकडून, धावत्या गाड्यांच्या मधून वळसा घ्यावा लागत नाही. ज्यांनी तो वळसा कधी घेतला आहे त्यांना या बेटाची किंमत समजेल. वर ब्लॉकऐवजी डांबर किंवा काँक्रीट, पाणी जायला उतार आणि चेंबरचं झाकण पृष्ठभागाच्या पातळीत. यात परदेशी तंत्रज्ञान काही नाही. गवंडी आपला, मुकादम आपला. फक्त नकाशा काढणाऱ्याने एकदा स्वतः सायकलवरून तिथून जायला हवं.

तरीही खरी परीक्षा चौकातच होते. दिल्लीचं उदाहरण घेऊ. आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा बीआरटी मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. बसमधल्यांचा वेळ वाचत होता, सायकलवाल्यांना स्वतंत्र जागा मिळाली होती. पण चिराग दिल्लीच्या चौकात मोटारींच्या रांगा लांबत गेल्या आणि त्या रांगांमधली माणसं बोलकी होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१२ मध्ये न्यायालयाने तो मार्ग बंद करण्याची मागणी फेटाळली. तरी २०१६ मध्ये तो उखडलाच. एका चौकाचं कोडं सुटलं नाही आणि सगळा मार्ग गेला.

अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग सुरू केला तो आधी प्रवाशांना फुकट फिरवून, लोकांना सवय लावून. मधल्या भागात बंदिस्त स्थानकं, एका पातळीतले फलाट, आधी तिकीट ही पथ्यं तिथे पहिल्यापासून पाळली. बसच्या बाबतीत त्यांनी पुण्याच्या चुका पाहून घेतल्या, असं म्हणायला हरकत नाही. पण त्याच अहमदाबादेत सायकल ट्रॅक बऱ्याच ठिकाणी पार्किंगच्या घशात गेले. म्हणजे ज्याला रोज राखणारं खातं होतं ते टिकलं, ज्याला कुणी वाली नव्हता ते गेलं.

आणखी लांबचं पाहायचं तर स्पेनमधलं सेव्हिल आहे. उन्हाने भाजणारं शहर, सायकलची परंपरा नाही. २००६-०७ मध्ये त्यांनी थोड्याच काळात सुमारे ८० किलोमीटरचे संरक्षित सायकल मार्ग केले. त्यांचं यश त्या ८० आकड्यात नव्हतं. मार्ग एकमेकांना जोडलेले होते, चौकात तुटत नव्हते, आणि त्यांना लागणारी बरीच जागा रस्त्यावरच्या पार्किंगमधून घेतली होती. सायकल फेऱ्या कैक पटींनी वाढल्या. नेदरलँड्सचं नाव घेतलं की आपण म्हणतो, त्यांचं काय, सपाट देश! पण १९७१ साली त्या सपाट देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली होती आणि त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि मग आजचे सायकल मार्ग झाले. भूगोल आधीही तोच होता. बदलला तो निर्णय.

आपल्या चौकात काय करता येईल? तीन गोष्टी. पहिली, सिग्नलच्या एका फेऱ्यातले टप्पे कमी करायचे. चारही बाजूंना सरळ आणि उजवीकडे असं वेगवेगळं सोडत बसलं तर प्रत्येकाची पाळी फार उशिरा येते, आणि मध्यभागी उभी असलेली बस मिनिटामागून मिनिट तिष्ठत राहते. काही ठिकाणी उजवं वळण बंद करून पुढून वळसा घालायला लावलं, तर सगळ्यांचाच वेळ वाचतो, वळसा घालणाऱ्याचासुद्धा. दुसरी, सायकल आणि पादचारी यांचा हिरवा दिवा मोटारींच्या चार-पाच सेकंद आधी लावायचा. ती माणसं चौकाच्या मध्यापर्यंत पोहोचतात आणि वळणाऱ्या चालकाला समोर दिसतात. तिसरी, डावीकडचं वळण घट्ट करायचं. आपल्याकडे कोपरा इतका सैल ठेवतात की गाडी वेग न मोडता वळते. तिथेच पायी चालणारा सापडतो. कोपरा आवळला की वेग आपोआप उतरतो, पोलिसाची गरज लागत नाही.

पोलिसाचा विषय निघालाच आहे, तर घुसखोरीबद्दल बोलायला हवं. मार्गिकेत दुचाकी शिरतात, रिक्षा शिरतात, कधी सरकारी गाड्याही शिरतात. गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांना सांगायला नको की भावाभावांत वाटणी झाली तरी भांडण संपत नाही. दर नांगरटीला कुणीतरी बांध कोरतो. एका वर्षी वीतभर, पुढच्या वर्षी हातभर, आणि दहा वर्षांनी बांध कुठे होता हे तलाठ्याला विचारावं लागतं. बसच्या मार्गिकेचं तसंच झालं. आधी गणपतीचे चार दिवस सगळ्यांना सोडली. मग पुलाचं काम आहे म्हणून. मग ड्रेनेजची खोदाई आहे म्हणून. मग मार्गिका राखणारे वॉर्डन काढले. २०२३ मध्ये नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग काढूनच टाकला, आणि तोवर कोरलेल्या बांधासाठी भांडायला फारसं कुणी उरलं नव्हतं. २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी आणि औंध ते रावेत या मार्गांवर नव्याने, जास्त अभ्यास करून स्थानकं उभी केली होती. तरीही शहरभर मत एकच झालं: बीआरटी फसली. कुठे फसली, कुठे चालली, का चालली, हा तपशील त्या एका वाक्यात बुडाला.

आक्षेपांना उत्तर द्यायलाच हवं, कारण ते आक्षेप घेणारे आपलेच शेजारी आहेत. दुकानदार म्हणतात, समोरचं पार्किंग गेलं तर धंदा बसेल. दुकानासमोर एक मोटार दोन तास उभी राहते, म्हणजे दोन तासांत एकच गिऱ्हाईक. खूपदा ती मोटार दुकानदाराची स्वतःचीच असते. जंगली महाराज रस्त्यावर काही वर्षांपूर्वी पदपथ रुंद केले, बाकं ठेवली, सायकलला जागा दिली. रस्ता ओस पडला नाही, संध्याकाळी तिथे चालायला जागा पुरत नाही. पण दुकानदारांची एक मागणी अगदी खरी आहे: माल उतरवायला जागा आणि वेळ ठरवून द्या. टेम्पोला जागा नसेल तर तो सायकल ट्रॅकवरच उभा राहणार. जागा आखली नाही आणि दंड मात्र केला, तर तो अन्याय आहे.

दुसरे म्हणतात, आता मेट्रो आली, बसचं काय काम? मेट्रो स्वारगेटपर्यंत सप्टेंबर २०२४ मध्ये आली. स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गालाही मंजुरी मिळाली आहे, २०२४ मधल्या मंजुरीत खर्च २,९५४ कोटींच्या घरात धरला होता. चांगलीच गोष्ट आहे. पण सहा किलोमीटरच्या रस्त्यावर मेट्रोची स्थानकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असणार. आंबेगावातून, सुखसागरनगरातून, धनकवडीच्या आतल्या गल्लीतून स्थानकापर्यंत माणूस कसा येणार? बसने, सायकलने, पायी. ही वाट सोयीची नसेल तर तो दुचाकी काढेल, आणि एकदा दुचाकी काढली की तो थेट कचेरीतच जाऊन थांबेल. बस आणि सायकल ही मेट्रोची गिऱ्हाइकं गोळा करणारी माणसं आहेत. त्यांची वाट अडवून मेट्रो भरणार नाही.

तिसरे म्हणतात, उड्डाणपूल बांधा. त्यांना गणेशखिंड रस्त्यावरच्या विद्यापीठ चौकाची आठवण करून देतो. तिथला पूल बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती, तो २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडावा लागला. पूल कोंडी सोडवतो ती एका चौकातली, आणि बहुतेकदा पुढच्या चौकात नेऊन ठेवतो. त्याच्याखालून जाणाऱ्या सायकलवाल्याला आणि बसच्या प्रवाशाला तो जागा देत नाही, घेतोच.

मग कुणी काय करायचं? माझ्या मते गोम मालकीत आहे. रस्ता महापालिकेच्या पथ विभागाचा, बस पीएमपीची, सिग्नल आणि पोलीस वाहतूक शाखेचे, डीपी महावितरणचा, झाड उद्यान विभागाचं, टपरी अतिक्रमण विभागाची, आणि खोदाई ज्याला परवानगी मिळेल त्याची. प्रत्येक खातं आपलं काम करून जातं आणि रस्ता कुणाचाच राहत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींच्या कंपन्याही आल्या. शहरात रंगीबेरंगी सायकली दिसू लागल्या आणि दोन-तीन वर्षांत जवळजवळ नाहीशा झाल्या. सायकली आल्या, वाट आली नाही. आराखडा कागदावर उत्तम असूनही, सकाळी आठ वाजता पद्मावतीच्या थांब्यामागे ट्रॅकवर उभा असलेला टेम्पो कुणी हलवायचा, हे त्यात लिहिलेलं नसतं.

म्हणून माझी सूचना लहान आहे. सगळ्या शहराचं नको, एक सातारा रस्ता घ्या. त्या सहा किलोमीटरसाठी एक अधिकारी नेमा, ज्याच्या एका फोनवर पथ, पीएमपी, वाहतूक, महावितरण आणि अतिक्रमण ही सगळी खाती हलतील. त्याच्या कामाचं माप किलोमीटरमध्ये घेऊ नका. तीन आकडे दर महिन्याला फलकावर लावायला सांगा. कात्रजहून स्वारगेटला यायला बसला गर्दीच्या वेळी किती मिनिटं लागली. ट्रॅकवरून न उतरता सायकल सलग किती अंतर जाऊ शकते. आणि या रस्त्यावर त्या महिन्यात किती माणसं जखमी झाली. पहिला आकडा उतरला, दुसरा चढला आणि तिसरा उतरत राहिला, तर रस्ता सुधारतो आहे. नाही, तर रंगरंगोटी चालली आहे. एका रस्त्यावर हे वर्षभर जमलं की कर्वे रस्ता, सोलापूर रस्ता आपोआप मागणी करतील. आज त्यांनी बघावं असं आपल्याकडे दाखवायला काही नाही.

तुमच्यापैकी अनेकजण मतदार म्हणून, सोसायटीचे अध्यक्ष म्हणून, दुकानदार म्हणून अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना भेटत असता. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला किलोमीटरचा आकडा सांगितला, तर त्याला आपल्या जवळच्या चौकाचं नाव सांगा आणि विचारा: इथून सायकल पलीकडे कशी जाते, बस किती वेळ थांबते, आणि आजी रस्ता कशी ओलांडते? उत्तर नसेल तर आकड्यावर टाळ्या वाजवू नका. बरोबर या म्हणा, आणि त्या चौकात त्याच्यासोबत तासभर उभे राहा.